एकाच कुंडीत झेंडू फुललाय आणि टोमॅटो पिवळा पडलाय? औषध आणायच्या आधी कुंडी उचलून बघा

गणपती उठले की मला फोटो यायला सुरुवात होते. बारा इंची कुंडी, त्यात एक झेंडू, एक टोमॅटो नाहीतर मिरची, कडेला दोन काड्या मेथीच्या, आणि खाली प्रश्न, "ताई, काय मारू?" काय मारू म्हणजे कुठलं औषध मारू. दर वर्षी हेच. गेली बारा-तेरा वर्षं कोथरूडच्या आमच्या गच्चीवर मी फुलं आणि भाजी एकत्र लावतेय आणि ही एकच तक्रार मी स्वतःच्या कुंड्यांत, बिल्डिंगमधल्या काकूंच्या कुंड्यांत आणि वाकडला राहणाऱ्या भाच्याच्या बाल्कनीत इतक्या वेळा निस्तरलीय की आता फोटो उघडायच्या आधीच विचारते, कुंडीखाली ट्रे आहे का?

आधी लक्षणं सांगते, तुमची कुंडी यात बसते का बघा.

लावून पाच-सहा आठवडे झालेत. पहिला महिना दोघंही मस्त होते. मग टोमॅटोची, मिरचीची किंवा वांग्याची खालची पानं पिवळी पडायला लागली, एकेक करत वर चढत गेली. फुलं येतात पण फळ धरायच्या आधी देठापाशी पिवळी पडून गळतात, सकाळी झाडू मारताना खाली सापडतात. दुपारी झाड मान टाकतं, संध्याकाळी परत उभं राहतं. पाणी घातलं की एकतर वर तळं साचतं नाहीतर दोन मिनिटांत सगळं खालून सुसाट बाहेर. मातीवर पांढरा खारट थर किंवा हिरवं शेवाळ. कुंडीपाशी गेलं की बारीक काळी चिलटं उडतात. आणि झेंडू? तो बऱ्याचदा ठणठणीत असतो, म्हणूनच लोकांना वाटतं की माती चांगली आहे, पाणी चांगलं आहे, म्हणजे टोमॅटोला रोगच झाला असणार.

यातली दोन-तीन लक्षणं जुळली तर पुढे वाचा, खाली दिलेल्या क्रमानेच करा, कारण पहिल्या चार गोष्टींना एक रुपया लागत नाही. पण हिरवंगार झाड एका दिवसात कोमेजलं आणि रात्रीही उभं राहिलं नाही, किंवा शेंड्याची नवी पानं चुरगळून बारीक झालीत, तर प्रकरण वेगळं आहे, सरळ 'इथे हात जोडा आणि माणूस बोलवा' या भागावर जा.

बोट घाला

हसू नका. मातीत दोन पेरं बोट घाला, तेही सकाळी पाणी घातल्यावर नाही, संध्याकाळी. वरची माती कोरडी आणि आत चिखल असं पावसाळ्यात सर्रास असतं, आणि मे महिन्यात उलटं, वर ओलसर आणि आत भुसभुशीत कोरडं. मोठ्या कुंडीला बोट पुरत नाही, तिथे बांबूची लांब काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा, कणीक भिजली का ते जसं बघतो तसं, काडीला किती माती चिकटलीय ते बघा. मग कुंडी थोडी कलती करून वजनाचा अंदाज घ्या. आठ दिवस रोज असं केलंत की नुसत्या वजनावरून कळायला लागेल.

हे पहिलं का, तर पाणी जास्त झालं आणि पाणी कमी पडलं, दोन्हीची लक्षणं वरून सारखीच दिसतात. माना टाकलेलं झाड बघितलं की आपला हात आपोआप तांब्याकडे जातो. पण माती सतत चिंब असेल तर मुळांना हवा मिळत नाही, हवा नाही मिळाली की ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं. आपण आणखी पाणी ओततो. काळी चिलटं आणि शेवाळ दिसत असेल तर जवळपास नक्की हेच चाललंय.

चिंब असेल तर पाणी बंद, चार दिवस, पाच दिवस, काडी जवळजवळ कोरडी निघेपर्यंत. एवढंच. आणि कोरडी असेल तर वरून मगभर ओतून उपयोग नाही, विशेषतः कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेल्या कुंडीत, कारण कोकोपीट एकदा कडक वाळलं की आकसतं, कुंडीच्या भिंतीपासून सुटतं, आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं. "पाणी तर खालून निघतं की हो" म्हणणाऱ्या लोकांच्या कुंडीत मधला गड्डा ठार कोरडा निघालेला मी किती वेळा बघितलाय. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा.

कुंडीच्या खाली बघा

माझ्या हिशोबाने निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच संपतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कुंडी आडवी करा आणि भोकं मोजा. प्लास्टिकच्या कितीतरी कुंड्यांना भोकांच्या जागी नुसती खूण असते, पातळ पापुद्रा फोडायचा आपल्याला असतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. बारा इंची कुंडीला बोट जाईल अशी चार-पाच भोकं पाहिजेत. नसतील तर खिळा किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर गॅसवर तापवून पाडा, खिडकी उघडी ठेवा, वास घाण येतो.

भोकं आहेत पण पाणी निघत नाही, मग काडी घालून आतून मोकळं करा. बऱ्याचदा झेंडूच्या मुळांचा गुंता तिथे बुचासारखा बसलेला असतो. आणि खापरी! मी स्वतः सलग तीन पावसाळे एकाच मातीच्या कुंडीत वांगं घालवलं. पहिल्या वर्षी वाटलं रोप खराब, दुसऱ्या वर्षी माती बदलली, तिसऱ्या वर्षी निंबोळी अर्क फवारून फवारून हात दुखले, आणि शेवटी कुंडी रिकामी केली तेव्हा कळलं की भोकावर ठेवलेली खापरी अगदी सपाट होती, झाकणासारखी फिट्ट बसलेली. खापरी वाकडी असते ना, तिची पाठ वर येईल अशी उपडी ठेवायची, म्हणजे खालून पाण्याला वाट राहते. एवढ्याशा चुकीसाठी तीन वर्षं.

तळाशी तीन इंच खडी घालायची पद्धत बऱ्याच घरात आहे, माझ्या सासूबाई पण घालायच्या. त्याने पाणी लवकर निघतं असं वाटतं पण तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून राहतं, त्यामुळे चिखलाचा थर तेवढाच राहतो, फक्त तीन इंच वर येतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर एक खापरी किंवा नेटचा तुकडा, बास.

आणि ट्रे. फरशी खराब होऊ नये म्हणून, खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडू नये म्हणून ट्रे ठेवतो, ठीक आहे, नाहीतर सोसायटीच्या बोर्डावर आपल्या नावाची सूचना लागते. पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ट्रे रिकामा करायचा. जून ते सप्टेंबर उघड्या गच्चीवर ट्रे काढूनच टाका, डासांचाही प्रश्न मिटतो. कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, भोकं फरशीला टेकता कामा नयेत.

हे दोन्ही करून दहा-पंधरा दिवस थांबा. पिवळं पडलेलं पान परत हिरवं होणार नाही, त्याकडे बघू नका, नवीन येणारी पानं कशी आहेत ते बघा.

ऊन मोजा, पण या महिन्याचं

"माझी गॅलरी साउथ फेसिंग आहे, भरपूर ऊन येतं." हो, डिसेंबरात येतं. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस, त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीत एप्रिलपासूनच वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडायला लागते आणि मे-जूनमध्ये थेट ऊन जवळपास शून्य. हिवाळ्यात त्याच कुंडीने पाव किलो टोमॅटो दिले होते, आता नुसती काडी वाढतेय, त्याचं कारण हे. शिवाय समोरच्या बंगल्याचं रीडेव्हलपमेंट झालं असेल तर विषयच संपला, सात मजले उभे राहिले की आपली सकाळ गेली.

एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला कुंडीकडे नजर टाका, ऊन आहे की नाही लिहून ठेवा. टोमॅटो, वांगं, मिरची, भेंडी यांना सहा तास थेट ऊन हवं, आणि झेंडूलाही. तीन-चार तासच मिळत असेल तर भांडू नका, पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना लावा आणि फुलासाठी तेरडा. तेरडा अर्ध्या उन्हात येतो, पावसाच्या पाण्याला घाबरत नाही, गौरींनाही उपयोगी पडतो. रंग तीन दिवस का असेना.

याला जोडूनच, एप्रिल-मे मध्ये टोमॅटोची फुलं गळत असतील आणि झाड एरवी छान असेल तर ती चूक तुमची नाही. दिवसाचं तापमान ३५ च्या वर गेलं आणि रात्रही गरम राहिली की टोमॅटोचे परागकण कामच करत नाहीत. पुण्यात त्या दिवसांत पारा ३८-३९ ला टेकतो. ऊन ५० टक्के अडवणारी हिरवी जाळी बांधा, नाहीतर सरळ भेंडी-गवार लावून मोकळे व्हा. टोमॅटोसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

पान उलटं करा

मोबाईलचा कॅमेरा झूम करून पानाची खालची बाजू बघा. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक ठिपके चिकटलेत आणि मुंग्यांची ये-जा आहे, तो मावा. हलवलं की पांढरा भुगा उडतो, ती पांढरी माशी. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. आणि पानं पिवळट राखाडी, त्यावर सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके, फांद्यांत बारीक जाळी, तर लाल कोळी. झाडाखाली पांढरा कागद धरून फांदीला टिचकी मारा, कागदावर ठिपके चालायला लागले की खात्री झाली.

कोळ्याबद्दल मुद्दाम सांगते कारण फुलं-भाजी एकत्र लावणाऱ्यांना हा नक्की भेटतो. फेब्रुवारीपासून पुढे कोरड्या हवेत तो आधी झेंडूवर येतो, झेंडू त्याचा आवडता, आणि तिथून वांग्यावर. "झेंडू लावला की कीड येत नाही" असं सगळे सांगतात, ते अर्धं खरं आहे. शेतात टोमॅटोच्या सोळा ओळींना झेंडूची एक ओळ अशी शिफारस आहे, ती फळ पोखरणाऱ्या अळीसाठी, आणि त्यात झेंडूने अळीला स्वतःकडे ओढून घ्यायचं असतं. सापळा आहे तो. कुंडीत सापळा आणि पीक यांच्यात चार बोटांचं अंतर, अळीला काय, या झाडावरून त्या झाडावर. सूत्रकृमींसाठी (मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) झेंडूचा उपयोग होतो तोही त्याच मातीत दोन-तीन महिने आधी दाट झेंडू घेतला तर. एका रोपाने काही होत नाही. झेंडू लावा, जरूर लावा, मधमाशा येतात, दसऱ्याला तोरण होतं, पण पहारेकरी म्हणून लावू नका.

उपाय: आधी नुसत्या पाण्याचा जोरात फवारा, पानाच्या खालून, तीन दिवस सलग. मावा आणि कोळी निम्मे त्यातच जातात. राहिले तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, नीट ढवळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत. दुपारच्या उन्हात तेल मारलं तर पानं भाजतात. उमललेल्या फुलांवर मारू नका.

पाणी कुठलं घालताय?

खडकवासल्याचं कॉर्पोरेशनचं पाणी असेल तर हा भाग सोडून द्या. पण उपनगरात बोअरवेल किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या खूप आहेत, आणि त्याहून मोठा घोळ म्हणजे आरओ मशिनचं वाया जाणारं पाणी. पाणी वाचवायचं म्हणून लोक ते बादलीत साठवून रोज झाडांना घालतात. हेतू चांगला आहे पण आरओने जे क्षार आपल्या पिण्याच्या पाण्यातून काढले ते सगळे त्या बादलीत आहेत की. जमिनीत ते पसरतात, खाली जातात, कुंडीत साठत राहतात. मातीवर पांढरा थर, पानांच्या कडा करपलेल्या, कोवळी रोपं खुंटलेली. भाच्याकडे हेच होतं. तो चार महिने वेगवेगळी खतं घालत होता, म्हणजे क्षारांवर आणखी क्षार.

वरचा पांढरा थर खरवडून फेका, मग कुंडी नाहाणीघरात किंवा गच्चीच्या मोरीपाशी नेऊन साधं पाणी हळूहळू ओतत राहा, कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट पाणी आरपार गेलं पाहिजे. अर्थात खालची भोकं मोकळी असतील तरच, म्हणून तो नंबर आधी होता. जुलैत हे काम पाऊस फुकट करतो, कुंडी फक्त उघड्यावर ठेवायची. आरओचं पाणी गॅलरी धुवायला, फरशी पुसायला वापरा. आणि सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर ते पाणी अजिबात नको, त्यात सोडियम असतं, माती घट्ट करतं आणि मुळं जाळतं.

दोघांचं एकमेकांशी पटतंय का

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर आता खरा मिश्र लागवडीचा प्रश्न. बारा इंची कुंडीत एक टोमॅटो ही एकट्याचीच जागा आहे. त्यात नर्सरीतून आणलेला गोंडा झेंडू लावला, जो अडीच-तीन फूट होतो आणि मुळं चहूकडे पसरतो, तर सहाव्या आठवड्यात तो टोमॅटोचं पाणी, खत, ऊन सगळं घेतो. म्हणूनच तो ठणठणीत आणि टोमॅटो पिवळा. रोग नाही, भाऊबंदकी आहे. सोबतीला मखमली झेंडू घ्या, तो फूटभराचा, आणि कडेला एकच.

आता लावून बसलाच आहात तर झेंडू उपटू नका, मुळं गुंतलेली असतात, टोमॅटोची पण तुटतात. कात्रीने मातीलगत कापून टाका, खालची मुळं आतच कुजू देत. जीवावर येतं, फुललेलं झाड कापवत नाही, मला अजून नाही कापवत, तर मी फुलं काढून देवाला वाहते आणि मग कापते.

दुसरं म्हणजे तहान. ऑफिस टाइमची फुलं आणि सदाफुली कोरड्यात खूश, पालक आणि वांगं पाण्याचे भुकेले. एका कुंडीत दोघांना खूश ठेवता येत नाही, कुणीतरी एक जाणार. मी आता निम्म्या ठिकाणी एकत्र लावतच नाही, छोट्या कुंडीतली फुलं मोठ्या भाजीच्या कुंड्यांना चिकटून ठेवते. दिसायला तीच बाग, मधमाशा पण येतात, भांडण नाही. एकत्र लावायचंच असेल तर मिरचीखाली कोथिंबीर, टोमॅटोच्या कडेला मखमली झेंडू, भेंडीच्या बुडाशी मेथी, मेथी महिन्याभरात काढून होते तेवढ्यात भेंडी वर गेलेली असते.

वेलवर्गीयांचं थोडक्यात: दुधी, दोडका, कारलं, काकडी यांची फुलं गळतात तेव्हा बहुतेक ती नर फुलं असतात, ती गळणारच. मागे चिमुकलं फळ असलेलं मादी फूलही पिवळं पडून गळत असेल तर मधमाशी पोचत नाहीये, वरच्या मजल्यांवर हे फार होतं. नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हाच करायचं.

मग खत

बघा किती खाली आलं खत. बहुतेक लोक इथून सुरुवात करतात.

जुनी खालची पानं एकसारखी पिवळी, नवीन पानं फिकट पण धड, झाड बारीक, तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. पुण्यात याचं एक खास कारण आहे. आपल्याकडे गच्चीवरच्या बागा रसवंतीवरून आणलेलं उसाचं चिपाड आणि पालापाचोळा भरून करायची पद्धत चांगली रुजलीय, वजन हलकं राहतं, खर्च नाही, मीही करते. पण चिपाड ताजं असेल, अजून कुजत असेल, तर ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतः खाऊन टाकतात आणि झाड उपाशी राहतं. मूठभर मिश्रण काढून बघा, चिपाडाचे धागे स्पष्ट दिसतायत, हाताला उबदार लागतंय, तर ती कुंडी अजून लागवडीला तयारच नव्हती. वरून दोन-तीन मुठी चांगलं कुजलेलं गांडूळखत आणि दोन चमचे निंबोळी पेंड द्या, पंधरा दिवसांनी परत, आणि पुढच्या वेळी भरल्यावर दोन-तीन महिने कुजू द्या, मगच लावा.

याच्या उलट, गर्द हिरवं, पानंच पानं, फूल नाही. झाड माजलंय. खत बंद करा, महिनाभर काही देऊ नका.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाहीये, पण कुंडीत याचं कारण बरेचदा सततची ओल असते, परत पहिल्या नंबरवर जा. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतंय म्हणून अंड्याची टरफलं घालताय? टरफल विरघळायला काही महिने लागतात, आणि मातीत कॅल्शियम बहुधा असतंच, पाणी एक दिवस पूर आणि तीन दिवस दुष्काळ असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित करा. केळाच्या सालीच्या पाण्याबद्दल मला विचारू नका.

शेवटचं, कुंडी उपसणे

इतकं करून तीन आठवड्यांत नवीन पानं सुधारली नाहीत तरच. संध्याकाळी करा, वर्तमानपत्र पसरा, आदल्या दिवशी पाणी देऊ नका. गड्डा बाहेर काढला की मुळं बघा. पांढरी-दुधट आणि टणक असतील तर चांगलं आहे. तपकिरी, लिबलिबीत, नाल्यासारखा वास, तर कुजलीत, अर्ध्याहून जास्त असतील तर झाड वाचवायचा नाद सोडा. मुळं गोल गोल फिरून कुंडीचाच आकार झालेला असेल तर कुंडी लहान पडलीय, मोठी द्या.

इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली जाड पांढरी अळी सापडली तर ती हुमणी, कच्च्या शेणखतातून येते. एका कुंडीत चार-पाच असल्या तर मुळं फस्त. हाताने वेचा, माती चाळा, दुसरा मार्ग नाही, कावळ्यांना घाला, ते वाट बघत असतात.

मुळांवर गाठी असतील तर थांबा, आधी झाड कुठलं ते बघा. गवार, घेवडा, वाटाणा यांच्या मुळांवर गाठी असतातच, त्या चांगल्या, बोटाने खरवडल्या की सुटतात. टोमॅटो-वांगं-भेंडीच्या मुळावर गाठी असतील, मूळच सुजल्यासारखं, सुटत नाही, तर सूत्रकृमी. ते झाड गेलं. माती दुसऱ्या कुठल्याच कुंडीत घालू नका, अवजारं धुवा. एप्रिल-मे मध्ये ती माती ओली करून गच्चीवर पातळ थर पसरा, पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाका आणि पाच-सहा आठवडे तापू द्या.

इथे हात जोडा आणि माणूस बोलवा

हिरवं झाड एका दिवसात कोमेजलं असेल तर खोडाचा बुडाकडचा तुकडा कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरताना दिसला तर जिवाणूजन्य मर आहे. याला घरगुती काय, कुठलंच औषध नाही, झाड मातीसकट पिशवीत बांधून बाहेर. शेंड्याची पानं चुरगळलेली, मिरचीचा बोकड्या, हा बऱ्याचदा विषाणू असतो, पांढरी माशी आणि तिच्यासारखे किडे तो पसरवतात, तेही झाड उपटायचंच. एका कुंडीत झालं तर एवढं करून सोडून द्या, पण दोन-तीन कुंड्यांत पसरलं की स्वतः डोकं लढवणं थांबवा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात, शेतच पाहिजे असं नाही. किंवा शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात नमुना घेऊन जाऊन विचारा, पान कागदाच्या पाकिटात न्या, प्लास्टिकमध्ये घामेजून सडतं.

दुकानदाराने हातात ठेवलेलं रासायनिक कीटकनाशक अंदाजाने मारायचं असं मनात आलं तर तिथेही थांबा. ते एकराच्या हिशोबाने बनवलेलं असतं, तुमच्या कुंडीत कोथिंबीर आहे जी उद्या पोह्यांवर पडणार आहे, आणि बाजूच्या बाल्कनीत कुणाचं तरी तान्हं बाळ आहे.

आणि झाडाशी संबंध नसलेली पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, छताला ओल दिसली, खालच्या घरात पोपडे निघाले, गच्चीला तडा दिसला तर कुंडीची भोकं तपासत बसू नका. पंधरा इंची ग्रोबॅग ओल्या मातीने गच्च भरली की पन्नास किलोच्या आसपास जाते, अशा वीस म्हणजे एक टन. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, वॉटरप्रूफिंगवाल्याला नंतर. आमच्याकडे चार वर्षांपूर्वी हेच झालं. इंजिनिअर येऊन गेले, म्हणाले बॅगा मधून काढून बीमच्या रेषेवर, भिंतीकडेला घ्या आणि विटांवर ठेवा, म्हणजे खालून वारा खेळेल. काम पूर्ण व्हायला दोन महिने लागले, तोपर्यंत चौदा बॅगा जिन्याच्या वळणावर होत्या, सेक्रेटरी रोज येता-जाता बघायचे पण बोलले काही नाहीत, आणि जिन्यात काही ऊन येत नाही, त्यामुळे त्या सीझनला मिरची मंडईतूनच आणली.